आठदहाची गाडी वेळेवर सुटली

आठदहाची गाडी रोज आठ वाजून एकवीस मिनिटांनी सुटायची आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. वेळापत्रकात आठ दहा छापलेलं होतं, फलाटावरच्या पाटीवर आठ दहा रंगवलेलं होतं, आणि स्टेशनमास्तरांच्या नोंदवहीतही गेली नऊ वर्षं रोज आठ दहाच लिहिलेलं होतं. गाडी तेवढी आठ एकविसाला सुटायची.

याचं कारण होती बस. हे स्टेशन म्हणजे जंक्शनपासून फुटलेल्या लोहमार्गाचं शेवटचं टोक. पुढे डोंगर, आणि डोंगरातल्या सहा गावांतून एकच बस खाली यायची, ती सव्वाआठला. म्हणजे गाडी गेल्यावर पाच मिनिटांनी. रेल्वेच्या कचेरीत वेळापत्रक आखणाऱ्याला बस ठाऊक नव्हती, बसच्या कचेरीतल्याला गाडी ठाऊक नव्हती, आणि डोंगर तर दोघांनीही पाहिलेला नव्हता. मास्तर इथे बदलून आले तेव्हा त्यांनी दोन्हीकडे तीन-तीन पत्रं पाठवली. एका पत्राला उत्तर आलं की सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. मग मास्तरांनी पत्रं लिहिणं थांबवलं आणि गाडी थांबवायला सुरुवात केली.

थांबवणं अवघडही नव्हतं. मधे एकच थांबा होता, आणि तिथे आठदहाची पंधरा मिनिटं उभी राहायची. समोरून एक मालगाडी यायची म्हणून ती वेळ ठेवलेली. मालगाडी बंद होऊन जमाना लोटला, पण पंधरा मिनिटं वेळापत्रकात तशीच राहिली होती. त्यातली अकरा मास्तर इकडे वापरायचे. गाडी जंक्शनला बरोबर वेळेवर पोचायची, वरच्यांना काही कळायचं कारण नव्हतं. उलट वरच्यांनी खूश होऊन एक प्रमाणपत्र पाठवलं, 'वक्तशीर स्टेशन, सलग पाच वर्षे'. ते चौकटीत घालून मास्तरांच्या खुर्चीमागे लावलेलं होतं. मास्तरांना त्याचा अभिमान होता. खोट्या गोष्टीचाही माणसाला खरा अभिमान वाटू शकतो, त्यात नवल नाही.

बस चालवायला मास्तरांचा सख्खा मेहुणा होता, त्यामुळे सगळं घरच्या घरात चाललं होतं. दोन खात्यांना जे जमलं नाही ते दाजी आणि मेहुणा हात हलवून जमवायचे. बस वळणावर दिसली की मास्तर हात वर करायचे, मेहुणा भोंगा वाजवायचा. माणसं उतरून गाडीत बसायची. त्याच बसने रोपवाल्या बाईंच्या कामकरणी यायच्या. बाईंची रोपवाटिका स्टेशनामागच्या उतारावर होती. टोमॅटो, मिरची, कोबीची रोपं त्या ट्रेमधून खालच्या सपाटीवरच्या शेतांना पाठवायच्या. दोन प्रवासी डब्यांच्या मागे जोडलेल्या एकुलत्या एक मालडब्यात कामकरणी क्रेट चढवायच्या आणि मग गाडी सुटायची. रोपांना रेल्वे मानवते, असं बाई म्हणायच्या. ट्रकात हादरून मुळं सुटतात.

तर असं सगळं सुखाने चाललेलं असताना वरून पत्र आलं. मधल्या थांब्यापासून वरचा मार्ग बंद करावा की ठेवावा, याचा विचार चालू आहे. शेवटच्या स्टेशनावर दिवसाला सरासरी पन्नास तरी प्रवासी हवेत. त्यासाठी एक कर्मचारी सोमवारपासून तीन दिवस मोजणी करील.

मास्तर घाबरले नाहीत. साठेक माणसं रोज चढत होती. त्यांनी मनाशी ठरवलं, रविवारी मेहुण्याला सांगू की तीन दिवस बस जरा हाणून आण, रोपवाल्या बाईंना सांगू, चार माणसांच्या कानावर घालू. तीन दिवस गाडी आठ दहाला सोडू, की झालं. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. चौतीस वर्षांच्या सेवापुस्तकात लाल शाईचा एक ठिपका नव्हता, आणि तसंच ते घेऊन घरी जायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

मोजणीवाला आला तो आधीच्या मंगळवारीच.

साडेसातला वर येणाऱ्या गाडीतून तो एकटाच उतरला. वाळक्या अंगाचा, पन्नाशीचा माणूस. उजव्या मुठीत अंगठ्याने दाबायचं एक मोजणीचं यंत्र होतं. ते दाबलं की टिक वाजायचं आणि आकडा एकाने वाढायचा. उतरल्या उतरल्या त्याने फलाटाच्या पायऱ्या मोजल्या, बहुधा सवयीने.

"पत्रात सोमवार होता," मास्तर म्हणाले.

"सांगून मोजलं की आकडे फुगतात," मोजणीवाला म्हणाला. "कुठे बसू?"

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. मेहुण्याची बस तर केव्हाच वरून निघालेली. तिकडे फोन लागत नाही, मधे दोन खिंडी आहेत. इंजीन फिरून पुढे लागलं. चालक खिडकीतून बाहेर रेलून नेहमीसारखा निवांत बसला होता. गार्ड डबा पुसत होता. फलाटावर गावातली पायी येणारी सात माणसं होती आणि एक कोंबडी. मोजणीवाला मास्तरांच्या घड्याळाखाली उभा राहून आपल्या मनगटाकडे पाहत होता.

"आठ नऊ," तो म्हणाला. "आता सुटेल ना?"

मास्तरांनी वळणाकडे पाहिलं. वळण रिकामं होतं. मग त्यांनी खुर्चीमागच्या चौकटीकडे पाहिलं. आता इथे एक जबाबदार माणूस म्हणाला असता, की साहेब, थांबा, जरा बोलायचंय. पण माणूस घाबरला की कागदावर जे लिहिलंय त्याच्याच आडोशाला जातो. मास्तर म्हणाले, "सुटेल म्हणजे काय, सुटणारच. वक्तशीर स्टेशन आहे हे."

आणि त्यांनी हिरवी झेंडी दाखवली. गार्डने आधी झेंडीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे, मग परत झेंडीकडे. चालकाने हातातला चहा अर्धा टाकला. आठ दहाची गाडी नऊ वर्षांत पहिल्यांदा आठ दहाला निघाली. मोजणीवाल्याच्या मुठीत टिक सात वेळा वाजलं होतं, आणि तोही त्याच गाडीने खाली गेला.

सव्वाआठला बस आली. माणसं उतरली, फलाटावर गेली आणि उभी राहिली. गाडी सुटून गेली असेल हे कुणाच्या डोक्यातच येईना. एकाने पाण्याच्या टाकीमागे जाऊन पाहिलं. गाडी काही टाकीमागे राहत नाही, पण पाहिलं. एका म्हाताऱ्याने घड्याळ काढून कानाला लावलं आणि म्हणाला, "माझंच पुढे गेलं वाटतं."

"गाडी गेली," मास्तर म्हणाले.

"कशी काय?"

"वेळेवर."

मेहुणा बसमधून उतरून जवळ आला आणि हळूच म्हणाला, "दाजी, तब्येत बरी आहे ना?"

रोपवाल्या बाई मात्र हळू बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. चाळीस क्रेट हातगाड्यांवर लावून त्या फलाटावर आल्या होत्या, आणि ऊन चढायला लागलं होतं. "मास्तर, आम्ही काय घोडं मारलं होतं तुमचं?" त्या म्हणाल्या. "खाली लोक वाफे भिजवून बसलेत. ही रोपं दुपारपर्यंत माना टाकतील. आणि मी पुढच्या हंगामासाठी दोन डबे मागायला तुमच्याकडे अर्ज लिहून आणलाय. तो आता देऊ का फाडू?"

बाईंनी अर्ज फाडला नाही. घडी करून कमरेला खोचला आणि क्रेट सावलीला न्यायला सांगितलं. कॉलेजच्या मुली पायऱ्यांवर बसून राहिल्या आणि शेवटी बसनेच परत गेल्या. बांधकामावर जाणारे गवंडी मात्र रस्त्याला लागले, कुणी ट्रकवाला घेतो का पाहायला. फलाट रिकामा झाला तेव्हा मास्तरांना भडभडून आलं. नऊ वर्षं ज्यांच्यासाठी खोटं लिहिलं, त्यांनाच खऱ्यासाठी टाकून दिलं.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. स्टेशनाला लागूनच त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, आणि तिला बरंचसं खिडकीतूनच कळलेलं होतं. "नऊ वर्षं गाडी खोटी चालवलीत," ती म्हणाली, "आणि खरं वागायला तुम्हाला नेमका आजचाच दिवस सापडला?"

"तो घड्याळ बघत होता."

"घड्याळ बघायलाच नव्हता आला तो. माणसं मोजायला आला होता."

मास्तर जेवले नाहीत. त्यांनी हिशेब मांडून पाहिला. उद्या-परवा साठ-साठ चढले तरी आजच्या साताने सरासरी पन्नासाच्या खाली जात होती. सात या आकड्याने सहा गावांचा मार्ग बंद होणार होता, आणि तो आकडा मास्तरांनी स्वतःच्या हाताने, हिरवी झेंडी दाखवून, कमावला होता.

संध्याकाळच्या गाडीने मोजणीवाला परत वर आला. मुक्काम स्टेशनाच्या प्रतीक्षालयातच होता. अजून लख्ख उजेड होता. तो मास्तरांच्या टेबलापाशी कागद भरत बसला. मास्तर समोर उभे होते. दोनदा खोकून झालं.

"आजचा दिवस धरू नका," शेवटी ते म्हणाले. "आज माणसं मागे राहिली."

मोजणीवाल्याने मान वर केली नाही. "गाडीत नव्हती त्यांना मी मोजू शकत नाही."

"पण ती होती हो. फलाटावर होती."

मग त्याने लेखणी ठेवली. कागद उलटा केला आणि पाठीवरच्या शेवटच्या रकान्यावर बोट टेकवलं. 'मागे राहिलेले प्रवासी व माल. संख्या. कारण. स्टेशनप्रमुखाची सही.'

"हा रकाना आहे," तो म्हणाला. "सरासरीत धरतात. पण मी भरायचा नाही, तुम्ही भरायचा. आणि त्याच दिवशी भरायचा, उद्या चालत नाही. अकरा वर्षं मी मोजतोय, अजून कुणी भरलेला पाहिला नाही. आपण माणसं मागे ठेवली असं लिहून कोण देणार?"

मास्तर खुर्चीत बसले. कागद पुढे ओढला. कारण लिहायचं म्हणजे काय लिहायचं? एक कारण अगदी हाताशी होतं: बस उशिरा आली. तीन शब्द, कुणी शंका घेणार नाही. लेखणी 'बस' या शब्दापर्यंत गेलीसुद्धा.

एवढ्यात बायको चहा घेऊन आली. तिने खांद्यावरून वाकून कागद पाहिला. तिचा भाऊ हंगामी चालक होता, अजून कायम झाला नव्हता. बसवर ठपका आला तर तो त्याच्यावरच येणार होता. ती फक्त म्हणाली, "अहो, ताकाला जाऊन भांडं लपवू नका."

मास्तरांनी 'बस'च्या पुढे लिहिलं: 'वेळेवर आली. गाडीही वेळेवर सुटली. नऊ वर्षे मी रोज गाडी बससाठी अकरा मिनिटे थांबवतो व वहीत आठ दहा लिहितो. आज थांबवली नाही.' चालक आणि गार्ड यांचा त्यात दोष नाही, झेंडी मी दाखवतो, हेही लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं, याचं त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

"संख्या?" मोजणीवाल्याने विचारलं.

संख्या काही मास्तरांनी सकाळी मोजली नव्हती. ती लाजेची वेळ होती, मोजायची नव्हती. त्यांनी डोळे मिटले. रोज सकाळी वळणाकडे पाहत उभे राहायचे तसे ते मनातल्या मनात उभे राहिले आणि बसचं दार उघडलं.

"पोस्टातल्या बाई," ते म्हणाले. "पुढच्या सीटवर बसतात, पहिल्या उतरतात."

टिक, असा आवाज आला. मोजणीवाल्याने यंत्र मुठीत घेतलं होतं.

"दवाखान्यात पट्ट्या बांधणारे दोघे. शाळेतली शिपाईण. चष्म्याच्या दुकानातला, तो स्वतः चष्मा न लावता येतो आणि पायरी चुकतो. कॉलेजच्या मुली अकरा. नाही, बारा. काविळीतून उठलेली ती कालपासून यायला लागलीय."

टिक, टिक, टिक.

"गवंडी चार."

"पाच," बायको म्हणाली. "धाकटा भाऊही जातो आता त्यांच्याबरोबर."

"पाच. कान कोरल्यासारखं घड्याळ कानाला लावणारे आजोबा. त्यांची लेक जंक्शनच्या इस्पितळात आहे, तिला डबा नेतात. आज डबा नाही पोचला." मास्तरांनी चहाचा घोट घेतला आणि पुढे सांगू लागले. शिलाईच्या कारखान्यातल्या बायका, त्यातली कोण दाराशी उभी राहते आणि कोण बसायला जागा धरते. बँकेतला पहारेकरी. सायकलने येणारे दूधवाले दोघे, ते बसमधून येत नाहीत पण बस आल्यावरच येतात. आंधळा पेटीवाला आणि त्याचा हात धरणारी त्याची सून. जसजसा एकेक माणूस आठवत गेला तसतसा फलाट पुन्हा भरत गेला. मास्तरांना वाटलं, इतकी माणसं आपण रोज पाहत होतो आणि आपल्याला ती पाठ होती, हे आपल्यालाच माहीत नव्हतं.

बसचं दार रिकामं झालं तेव्हा ते थांबले. मोजणीवाल्याने मूठ उघडली.

"एक्कावन."

मास्तरांनी लिहिलं: एक्कावन. माल, रोपांचे क्रेट चाळीस. आणि सही केली.

मोजणीवाल्याने कागद वाचला, वाळवला, पिशवीत ठेवला. "हे वर गेलं की तुमचं सेवापुस्तक खराब होणार," तो म्हणाला.

"होऊ दे," मास्तर म्हणाले.

"उद्या किती वाजता सोडणार?"

"आठ एकविसाला. आणि वहीत लिहिणारही आठ एकवीस."

मोजणीवाला पहिल्यांदाच हसला. चहा त्याने दोन कप घेतला. दुसऱ्या दिवशी साठ माणसं चढली, तिसऱ्या दिवशी बासष्ट. जाताना त्याने डब्याच्या दारातून हात केला, यंत्र धरलेला.

त्यानंतर चार महिने काहीच आलं नाही. मास्तर रोज टपालाची वाट बघत आणि आलं नाही की सुटल्यासारखं वाटून घेत. मग एका दिवशी तीन पाकिटं एकदम आली. मास्तरांनी ती बायकोसमोर फोडली, एकट्याने फोडायचं धाडस झालं नाही.

पहिलं त्यांच्या नावाचं होतं. नऊ वर्षे खोटी नोंद केल्याबद्दल सक्त ताकीद. सेवापुस्तकात तशी नोंद घेण्यात आली आहे. वक्तशीरपणाचे प्रमाणपत्र ताबडतोब परत करावे. मास्तरांचा चेहरा पडला. चौतीस वर्षांच्या कोऱ्या पानावर शेवटी लाल शाई आलीच. बायकोने हात त्यांच्या पाठीवर ठेवला आणि दुसरं पाकीट पुढे केलं.

दुसऱ्यात लिहिलं होतं की मार्ग चालू राहील. गाडीची वेळ आठ दहा ऐवजी आठ एकवीस करण्यात येत आहे. मधल्या थांब्यावरची जुनी पंधरा मिनिटे कमी करून चार ठेवली आहेत. डोंगरातील बसचे वेळापत्रक यापुढे या गाडीशी जोडून ठेवावे, असे संबंधित कार्यालयास कळवून त्यांची संमती घेतली आहे. मास्तरांनी ते वाक्य दोनदा वाचलं. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्याच पत्रात ते जवळपास याच शब्दांत होतं.

तिसरं पाकीट रोपवाल्या बाईंच्या अर्जाचं होतं, तो त्यांनी शेवटी दिलाच होता. दोन मालडबे मंजूर.

प्रमाणपत्र काढून परत पाठवलं तेव्हा भिंतीवर रिकामी चौकट राहिली. मास्तर ती माळ्यावर टाकणार होते. बायकोने ती धुऊन पुसून घेतली, आत ताकिदीचं पत्र घातलं आणि परत त्याच खिळ्याला लावली. "ते दुसऱ्यांनी दिलेलं होतं," ती म्हणाली. "हे तुम्ही मिळवलंय." मास्तर म्हणाले की लोक हसतील. लोक हसलेच, पण वाचून झाल्यावर.

नव्या वेळापत्रकाच्या पहिल्या सकाळी पाटीवरचा आकडा ओला होता. बस सव्वाआठला आली. दाजींनी सवयीने हात वर केला, मेहुण्याने सवयीने भोंगा वाजवला, आता त्याची काही गरज नव्हती तरी. माणसं चढली. आजोबांची लेक बरी होऊन घरी आली होती, पण आजोबा आले होते. जंक्शनला नुसतं जाऊन येतो म्हणाले. मागे दोन मालडबे दारं उघडी टाकून उभे होते. रोपवाल्या बाईंनी चार नव्या बायका कामावर घेतल्या होत्या आणि त्यांना अजून क्रेट रचायची हातोटी आली नव्हती.

आठ एकवीस झाले. मास्तरांनी झेंडी काखेतून काढली. तो मंगळवार सोडला तर नऊ वर्षांत पहिल्यांदा पाटी, घड्याळ आणि गाडी एका मताची होती, आणि मास्तरांची छाती नाही म्हटलं तरी फुगली होती.

"मास्तर, सहा क्रेट राहिलेत," मागून बाई म्हणाल्या. "दोनच मिनिटं."

सगळ्या खिडक्यांतून माणसं मास्तरांकडे बघायला लागली. गार्ड बघू लागला. चालकाने चहाचा कप तोंडापाशी नेऊन तसाच धरला. मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग त्या सहा क्रेटकडे, त्यातल्या बोटभर हिरव्या रोपांकडे. मग झेंडी गुंडाळून पुन्हा काखेत धरली आणि एक क्रेट स्वतः उचलला.

गाडी गेल्यावर ते आत आले. वही उघडली. 'सुटण्याची वेळ' या रकान्यात त्यांनी लिहिलं: आठ तेवीस. आणि 'विलंबाचे कारण' या रकान्यात, जो खोट्या नोंदींची नऊ वर्षं कोराच होता, लिहिलं: रोपे चढत होती.